खडूने भरलेला नंबर

३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, रोज एक पान लिहा. काय वाट्टेल ते लिहा, पण हाताने लिहा. उजव्या हाताची थरथर औषधाने थांबेल त्यापेक्षा लिहिण्याने जास्त थांबेल म्हणे. मी विचारलं, आणि नाही थांबली तर? तर निदान अक्षर कधीपासून बिघडलं ते कळेल, म्हणाले. असे हे आमचे डॉक्टर. म्हणून ही वही.

तर मी. वय चौसष्ट, धंदा बंदूक दुरुस्ती, बायको जाऊन अकरा वर्षं झाली. खाली दुकान, वर दोन खोल्या. वरचं राज्य ताईचं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसली. कुणाला कुणाची पत्रं येतात हे तिने घरात एकदाही सांगितलं नाही. आई विचारून विचारून गेली. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर ताई बोलते, आणि न विचारता बोलते.

आज दुकानात चिटपाखरू नाही. क्लबातले नेमबाज हल्ली नवंच घेतात, जुनं दुरुस्त करत नाहीत. पान भरलं. पुरे.

९ फेब्रुवारी

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. डॉक्टरांना सांगू, शाई संपली होती.

आज मात्र एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, हात वाफेने सोलवटलेले. पुलापलीकडच्या मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या खात्यात काम करतात. चादरीत गुंडाळून वडलांची दुनळी बंदूक आणली होती. वडील गेले, लायसन्स आता बाईंच्याच नावावर आहे. एका नळीची बार उडवणारी पिन तुटलेली, दुसरीची झिजलेली, दस्त्याला तडा. पण काय बंदूक! बाजूच्या पट्टीवर दोन पाखरं कोरलेली, एक उडणारं आणि एक नुसतं बघणारं. असं काम मी उस्तादांच्या हाताखाली होतो तेव्हा शेवटचं पाहिलं.

बाईंना पाखरांशी देणंघेणं नव्हतं. किती दिवस लागतील, एवढंच तीनदा विचारलं. आठ म्हणालो. लवकर नाही का जमणार, म्हणाल्या. पत्ता विचारला तर लायसन्सवरचा जुना आहे, आता तिथे राहत नाही, निरोप असला तर लॉन्ड्रीत द्या, म्हणाल्या. रजिस्टरात नंबर लिहिला आणि पत्त्याच्या जागी लॉन्ड्री लिहिली. जाताना एक गंमत सांगितली. दस्त्याच्या मागच्या टोकाला जी पितळी पट्टी आहे, तिच्याखाली दोन खाचा आहेत. सात वर्षांच्या असताना त्यांनीच चाकूने केल्या. वडील रागावले नाहीत, वर पट्टी ठोकली आणि म्हणाले, झालं, आता ही तुझीच. हे सांगताना बाई पहिल्यांदा हसल्या.

बाहेर पडण्याआधी काचेतून बराच वेळ रस्ता बघत होत्या. बसची वाट बघत असतील.

१२ फेब्रुवारी

सगळी बंदूक उकलून धुतली. उस्तादांची शिकवण अशी की बंदूक हातात आली की आधी नंबर बघायचा. कानशीने घासून उडवलेला असेल तर वस्तू टेबलावर ठेवून सरळ पोलिसात जायचं. नंबर शाबूत असेल तर ती घरंदाज. मग त्यावर खडू घासायचा, वरचा पुसून काढायचा, म्हणजे खाचेतला खडू राहतो आणि आकडे पांढरेशुभ्र उठून दिसतात. चाळीस वर्षं मी हेच करतो. मला विचाराल तर बंदुकीत सगळ्यात सुंदर काय असेल तर तिचा नंबर.

कारखान्याचं नाव पुसट आहे, ते काही लागेना. बायकोच्या भाचीने दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून मागच्या महिन्यात माझ्या फोनवर जुन्या बंदुकांच्या शौकिनांचा एक गट जोडून दिला होता. म्हटलं, तिथे विचारावं. फोटो काढले. पाखरांचा एक, नळ्यांचा एक, आणि खडूने भरलेल्या नंबराचा एक, अगदी जवळून. खाली दुकानाचं नाव, रस्ता, सगळं लिहिलं. लोकांना कळू दे की अजून कुणीतरी असलं काम करतं.

तिथले लोक मोठे विचित्र. फोटो टाकतात आणि नंबरावर अंगठा धरतात, नाहीतर काळी पट्टी मारतात. बंदूक आहे का चोरीचा माल?

१४ फेब्रुवारी

त्रेचाळीस जणांनी वाहवा केली. मी मोजले. एकाने तर लिहिलं की असले हात आता राहिले नाहीत. हात थरथरतो हे फोटोत दिसत नाही, बरं आहे.

एक शहाणा मात्र निघालाच. टोपणनाव 'जुना शिपाई'. म्हणे, काका, नंबर झाका, बंदूक तुमची नाही, मालकाला विचारलंत का? मी उत्तर ठोकलं: नंबर चोराने लपवावा, सावाने कशाला? त्यावर पुन्हा वाहवा. ताईला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, विचारलंस का पण? मी म्हटलं, अगं, बाईंचं नाव नाही टाकलं, त्यांचं गाव नाही टाकलं, नुसता आकडा. आकड्यावरून कुणाला काय कळणार? ती म्हणाली, ज्याला तो आकडा पाठ असेल त्याला. पोस्टात बसून बसून हिला प्रत्येक पाकिटात भानगड दिसते.

१७ फेब्रुवारी

आज एका अभ्यासकाचा खाजगी निरोप आला. या कारखान्याच्या बंदुकांची यादी करतोय म्हणे, नंबरांवरून साल काढतो, आणि नेमका याच नंबराच्या आसपासचा दुवा त्याला मिळत नव्हता. मला 'उस्ताद' म्हणाला. चाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. दोनदा वाचलं. खरं लिहायचं तर चारदा.

१९ फेब्रुवारी

बाई आल्या. बंदूक तयार नव्हती. साध्या पिना घालून देता आली असती, पण अभ्यासक म्हणतो तो मूळ नमुन्याचं चित्र पाठवणार आहे, मग तशीच पिन घडवावी असं माझ्या मनात आहे. पुन्हा कधी असली वस्तू हाताला लागणार? बाईंना एवढं सांगितलं नाही. म्हटलं, सामान यायचंय.

“मला शोभेची नको,” त्या म्हणाल्या. “उडाली म्हणजे झालं.”

राग आला. सोनाराला म्हणावं का की दागिना कसाही चालेल? पण दोन आठवड्यांनी या म्हणालो, पाच मार्चनंतरचा गुरुवार. त्यांनी मान हलवली, पुन्हा काचेतून रस्ता बघितला आणि गेल्या. बस तर उजवीकडून येते, त्या डावीकडेही बघतात.

२३ फेब्रुवारी

अभ्यासक म्हणजे काय चीज आहे! त्याने लिहिलं, उस्ताद, दस्त्याची पितळी पट्टी काढून बघा, खाली दोन खाचा असतील. काढून बघितलं. आहेत. फोटोत पट्टीचं टोकसुद्धा नव्हतं, आणि माणूस घरबसल्या सांगतो. म्हणे ही कारखान्याचीच खूण.

बाई म्हणतात त्यांनी केल्या. असेल, लहानपणीच्या गोष्टी माणूस आपल्या नावावर करून घेतो. मी सुद्धा लहानपणी विहिरीत पडलो होतो असं सांगत असे, पडला होता आमचा शेजारी. मी अभ्यासकाला कौतुकाने ते कळवलं, की मालकीणबाई तर वेगळंच सांगतात. त्याने लगेच विचारलं, म्हणजे बंदूक अजून घरच्यांकडेच आहे का? मी म्हटलं, हो, मुलीकडे. फार बरं वाटलं, म्हणाला.

ताईला सांगितलं तर एकच म्हण मारली: हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे. मी बोललो नाही तिच्याशी जेवण होईपर्यंत.

५ मार्च

अभ्यासक स्वतः आला. सहा तास गाडी चालवून. चाळिशीचा, नीटनेटका, बोलणं लोण्यासारखं. ताईला फळांची टोपली. मी बंदूक मखमलीवर मांडून ठेवली होती. नव्या पिना बसवून झाल्यात, दस्त्याचा तडा कुठे होता ते मलाही शोधावं लागतं.

एक सांगायचं तर, त्याने पाखरं बघितली नाहीत. बंदूक उचलली ती बादली उचलावी तशी. नंबरावर अंगठा फिरवला, खाचा बघितल्या, ठेवून दिली. विद्वान लोक पुस्तकातले, हाताने काम केलेलं नसतं, असं मी मनात म्हटलं. मग मालकीणबाईंना भेटता आलं तर वडलांची माहिती मिळेल, यादीत घालता येईल, म्हणाला. त्यात काय, मी म्हटलं, परवा गुरुवारी येतीलच, लॉन्ड्री चारला सुटते. कुठली लॉन्ड्री? पुलापलीकडची, मोठी. सांगितलं. माझ्याच तोंडाने सांगितलं.

ताईने त्याला चहा दिला नाही. तो गेल्यावर म्हणाली, “हा माणूस वस्तू बघायला आला नव्हता.”

तुला सगळेच चोर, मी म्हटलं. फळं गोड निघाली. तिने खाल्ली नाहीत.

७ मार्च

गुरुवार. बाई आल्या नाहीत. सहापर्यंत थांबलो. इतकी घाई होती, आणि आता पत्ता नाही. लोकांना कदर नाही.

८ मार्च

स्वतः लॉन्ड्रीत गेलो. इस्त्रीखात्याची मुकादमीण म्हणून एक दणकट बाई आहे, तिने मला आत घेतलं आणि दार लावलं.

बुधवारी चारला एक माणूस फाटकाशी उभा होता. आमच्या बाईंनी त्याला काचेतून बघितलं, हातातली इस्त्री तशीच चादरीवर सोडली आणि मागच्या दाराने पळाल्या. चादर जळाली तेव्हा बाकीच्यांना कळलं. खोलीवर गेल्या नाहीत. नवरा आहे तो, मुकादमीण म्हणाली. त्याच्यापायी तीन गावं सोडून आली होती. मागच्या गावी त्याने तिचा हात मोडला होता. इथे कुणाला, अगदी कुणाला माहीत नव्हतं. मग त्याला सांगितलं कुणी?

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, काय माहीत. आणि बाहेर आलो.

पुलावर बराच वेळ उभा होतो. खाचा. मूर्खा, खाचा त्याला माहीत होत्या, कारण त्या तिने त्याला सांगितल्या होत्या. मला सांगितल्या तशाच, हसून.

९ मार्च

ताईला सगळं सांगितलं. वाटलं, बोलेल. तिने फळांची टोपली उचलून कचऱ्यात टाकली आणि कणीक मळायला बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० मार्च

बैल गेला आणि झोपा केला. फोटो काढून टाकला. गट चालवणाऱ्याला लिहिलं, सगळीकडून काढा. तो सज्जन आहे, म्हणाला माझ्याकडून काढला, पण ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडून कसा काढू? निदान चार जणांनी आपापल्या याद्यांत घातलाय. पांढरेशुभ्र आकडे, किती स्वच्छ, अशी खाली तारीफ.

जुन्या शिपायाने खाजगी निरोप पाठवला. मला वाटलं, आता हा टोचून बोलणार. त्याने एवढंच विचारलं होतं की मालकीणबाई ठीक आहेत ना. फोन पालथा ठेवला.

११ मार्च

समोरच्या चष्म्याच्या दुकानापुढे बाईंच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या अभ्यासकाची, करडी गाडी उभी आहे. सकाळी शटर वर केलं तर आतून त्याने मला नमस्कार केला.

१३ मार्च

फौजदारांकडे गेलो. दरवर्षी माझं रजिस्टर तपासतात, ओळखीचे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नंबर तुम्हीच टाकलात, त्याने चोरला नाही. लॉन्ड्री तुम्हीच सांगितलीत. रस्त्यावर गाडी उभी करणं गुन्हा नाही आणि बायकोला शोधणंही नाही. बाईंनी येऊन तक्रार द्यावी, मी लगेच बघतो. मी म्हटलं, त्या आल्या तर तो पकडेल म्हणून तर त्या येत नाहीत. तेही खरं, म्हणाले, आणि चहा मागवला.

१६ मार्च

दुकानातला फोन वाजला. दुपारचे अडीच.

“बंदूक तयार आहे का?” बाईंचा आवाज. मागे गाड्यांची घरघर.

तयार आहे म्हणालो. कधीची तयार आहे. या.

“कुठे येऊ? त्याची गाडी आहे तुमच्या दारात. काल कोपऱ्यापर्यंत येऊन गेले मी.”

मी आणून देतो, म्हणालो. कायदा गेला चुलीत. कुठे आहात ते फक्त सांगा.

त्या म्हणाल्या, “त्याला कसं कळलं?”

खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. नंबराचा फोटो टाकला होता म्हणालो. कामाचं कौतुक व्हावं म्हणून. नाव नव्हतं टाकलं.

“बाबांची खरेदीची पावती त्याच्याकडे राहिली,” त्या म्हणाल्या. आवाज चढलाही नाही. “नंबर त्याला पाठ आहे. मला वाटलं, तुमच्याकडे रजिस्टर असतं कागदाचं. म्हणून तुमच्याकडे आले. कागद कोण बघतो.”

मी पुन्हा म्हटलं, कुठे आहात सांगा. लांबच्या वाटेने येतो, पायी येतो.

“तुम्हाला सांगू?” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एकोणीस फेब्रुवारीला साध्या पिना घालून दिली असती तर बंदूक त्यांच्या हातात असती. मूळ नमुन्याची पिन हवी होती मला. त्याने पाठवलेलं ते चित्र खोटं होतं का खरं तेही ठाऊक नाही. पिन मात्र फार छान बसली आहे.

२१ मार्च

रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेलो. काच खाली केली त्याने. मी म्हटलं, बाई आता येणार नाहीत, जा तुम्ही.

“येईल,” तो म्हणाला. “बापाची वस्तू आहे. मला घाई नाही, उस्ताद.”

त्या शब्दाची आता शिसारी येते. त्याच्या मांडीवर शब्दकोडं होतं, अर्धं सोडवलेलं.

ताईने चार जुन्या पोस्टातल्या मैत्रिणींना फोन केले, बाईंना कुठून तरी निरोप पोचतो का बघायला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ताईने कुणाचा ठावठिकाणा विचारला. मिळाला नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, नाही मिळाला ते बरंच झालं, आपल्या घरात गुपित टिकत नाही. आपल्या म्हणाली, तुझ्या म्हणाली नाही. तेवढी तिची माया.

२६ मार्च

सकाळी शटर वर, तो नमस्कार करतो. संध्याकाळी शटर खाली, तो नमस्कार करतो. बंदूक कपाटात कुलपात आहे. एकदा मनात आलं की काडतुसं भरावी आणि रस्ता ओलांडावा. मग हाताकडे बघितलं. या हाताने गोळी चष्म्याच्या दुकानदाराला लागायची.

नंबरातला खडू काढायला बसलो होतो. ब्रश, रॉकेल, सगळं केलं. खडू निघतो. आकडे निघत नाहीत, ते काढायचे तर कानस लागेल, आणि तसली बंदूक मी आयुष्यात हाताळली नाही. कानस हातात घेऊन बसलो आणि परत ठेवून दिली.

२ एप्रिल

गाडी गेली!

साडेअकराला त्याला कुणाचा तरी फोन आला. मी काचेतून बघत होतो. ऐकत राहिला, मग हसला, शब्दकोड्याची घडी घातली, गाडी चालू केली. जाताना मला हात केला. तीन आठवड्यांनी समोरचा रस्ता मोकळा दिसला. धावत वर गेलो, पायऱ्या कशा चढलो कळलं नाही. ताई, गेला, म्हटलं. शेवटी कंटाळला. आता बाई येतील, कोपऱ्यावरून बघतील आणि येतील.

ताईच्या हातात तांदळाचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं.

“तो कंटाळणारा नव्हता रे,” ती म्हणाली.

मी खाली आलो. बंदूक कपाटातून काढली, तेलाचा हात फिरवला, चादरीची घडी शेजारी ठेवली. फोनजवळ बसलो. आत्ता साडेसहा झालेत. वर गॅस पेटलेला नाही, ताई खुर्चीत बसून आहे.

३ एप्रिल

फोन नाही.

४ एप्रिल

फोन नाही. लॉन्ड्रीत गेलो. मुकादमीण माझ्याशी बोलली नाही. तिला कळलं असावं. बाईंच्या जागी नवी बाई इस्त्री करते आहे.

९ एप्रिल

फौजदारांना विचारलं, कुठे काही नोंद? कशाची, त्यांनी विचारलं. बाईंची, म्हटलं. असल्या गोष्टीची नोंद करायला आधी कुणीतरी ती हरवली आहे म्हणायला लागतं, म्हणाले. मी म्हणतो, म्हटलं. तुमचं नातं काय? बंदूक दुरुस्तीवाला, म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं खरं. पेन्सिलीने.

१५ एप्रिल

रजिस्टर आणि बंदूक, दोन्ही माझ्याकडेच. 'परत दिली' या रकान्यात चाळीस वर्षांत एकही जागा कोरी नव्हती. आता एक आहे. रोज सकाळी शटर वर करतो आणि आधी समोर बघतो. करडी गाडी दिसली असती तरी चाललं असतं. ती होती तोवर त्या कुठेतरी होत्या.

आज डॉक्टरांकडे तारीख होती. वही दाखवावी लागली. त्यांनी वाचली नाही, नुसती पानं चाळली, पहिलं आणि शेवटचं शेजारी धरून बघितलं. मग चष्मा वर करून खुशीत माझ्या पाठीवर थाप मारली.

अक्षर फारच सुधारलंय, म्हणाले. लिहीत राहा.